जखम दाखवण्याचे पैसे

समुद्राकाठी बदामाच्या झाडाखाली एक कोळी उभा आहे. समोर पर्यटक, त्यांच्या हातात कॅमेरे. होड्या करायला डोंगरावरची झाडं कशी तोडली, एवढ्या जुन्या झाडांवर पहिला घाव घालायला धीर कसा गोळा करावा लागला, हे तो त्यांना रंगवून सांगतोय. आणखी थोडी नाणी मिळाली की पँटचा एक पाय वर दुमडून तो नडगीवरचा व्रणही दाखवतो. होडीचा गंजलेला नांगर लागून झालेली जखम होती ती. आता साहजिक प्रश्न येतो, की बरी कशी झाली? यावर तो हसतो आणि सांगत नाही. तेवढ्या पैशांत ते बसत नाही.

डेरेक वॉलकॉटचं ‘ओमेरोस’ हे १९९० सालचं दीर्घकाव्य इथून सुरू होतं. सात खंड, चौसष्ट प्रकरणं, तीन-तीन ओळींची कडवी. होमरचं नाव मिरवणारं, हेलन, हेक्टर, अशील अशी नावं कॅरिबियन कोळीवाड्यात आणून बसवणारं हे काव्य. त्याबद्दल बोलताना सगळे होमरपासून सुरुवात करतात. मला मात्र दरवेळी ते पहिलं पान अडवतं. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या काव्याचे पहिले शब्द टूर गाइडचे आहेत, आणि हे आपण इतक्या सहज ओलांडून पुढे जातो.

त्या कोळ्याचं नाव फिलोक्टीट. सोफोक्लीजच्या नाटकातल्या फिलोक्टीटीजला साप चावतो, जखम चिघळते आणि तिचा वास सहन होत नाही म्हणून त्याचेच सोबती त्याला एका ओसाड बेटावर टाकून युद्धाला निघून जातात. वॉलकॉटचा फिलोक्टीटही बेटावरच आहे, पण इथे लोक जखमेपासून पळत नाहीत. ती बघायला जहाज करून येतात.

आणि मग एक गंमत होते. फिलोक्टीटचं बोलणं चालू असतानाच निवेदक कथा हातात घेतो. कधी घेतली ते नीट कळत नाही. पर्यटक मागे पडतात, आपण वाचत राहतो, होड्या समुद्रात उतरतात. पण ती गोष्ट ज्याला सांगितली जात होती तो श्रोता कुठे गेला? तो आपण आहोत. वाचक त्या पर्यटकांच्या जागेवर उभा राहूनच या काव्यात शिरतो आणि पुढचे तीनशेहून अधिक पानं कवी त्याला तिथून हलू देत नाही.

हे सगळं घडतं ते बेट म्हणजे सेंट लुशिया. मी तिथे गेलेलो नाही. माझ्यासमोर आहेत दोन पुस्तकं आणि या बेटावरच्या एका दिवसाच्या सहलीचा ठरलेला क्रम. ‘निसर्ग आणि चवी’ अशा नावाखाली विकला जाणारा हा क्रम वर्षानुवर्षं फारसा बदललेला नाही. संहिता म्हणून तो वाचावा असं मला वाटतं, कारण ती संहिता आहेच. तिला सुरुवात आहे, मध्य आहे, ठरावीक जागी येणारे विनोद आहेत, आणि मुख्य म्हणजे तिचा रोज नव्याने सादर होणारा लेखक आहे. पर्यटनावर टीका करणाऱ्या लेखनात हा लेखक जवळजवळ कधीच सापडत नाही. तिथे हॉटेलवाला सापडतो, सरकार सापडतं, गोरा पर्यटक तर हमखास सापडतो. व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून दिवसभर बोलणारा माणूस मात्र गाळला जातो.

क्रम असा. क्रूझ जहाज सकाळी कॅस्ट्रीजच्या बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. म्हणून अख्खं बेट मधल्या काही तासांत बसवावं लागतं. व्हॅन दक्षिणेकडे निघते. मॅरिगॉटच्या खाडीवर फोटो. केळीच्या बागा. ऑन्स ला रे आणि कॅनरीज ही कोळ्यांची गावं. एका वळणावर अचानक दोन पिटॉन दिसतात, समुद्रातून थेट वर उठलेले, साधारण साडेसातशे मीटरच्या आसपासचे दोन सुळके. इथे व्हॅन थांबतेच. मग सूफ्रिएर गाव, तिथले उकळते गंधकाचे झरे, धबधबा, कोकोचा मळा, जेवण, आणि परत.

वाटेत गाइड जे सांगतो तेही ठरलेलं. हे बेट फ्रेंच आणि इंग्रजांमध्ये चौदा वेळा हात बदलत राहिलं, म्हणून त्याला वेस्ट इंडीजची हेलन म्हणत. १९७९ साली स्वातंत्र्य मिळालं. लोक आपापसात क्वेयोल बोलतात, शाळेत इंग्रजी. आणि एवढ्याशा देशाने दोन नोबेल विजेते दिले, अर्थशास्त्रातले आर्थर लुइस आणि साहित्यातला वॉलकॉट. दोघांचा जन्मदिवस एकच, २३ जानेवारी. हे शेवटचं वाक्य खरं आहे आणि दरवेळी चालतं.

यात खोटं काही नाही. पण प्रत्येक गोष्ट पुढच्या वळणापर्यंत संपेल एवढीच आहे. चौदा वेळा बेट कोणी का घेतलं? साखरेसाठी. साखर कोणी काढली? हे सांगायला सुरुवात केली तर जेवणाला उशीर होतो. आपण याला उथळपणा म्हणून मोकळे होतो. मला यात कारागिरी दिसते. ज्याला रोज त्याच रस्त्यावर, नव्या माणसांसमोर, स्वतःच्या आजी-आजोबांची गोष्ट सांगायची आहे, आणि शेवटी टिपही मिळवायची आहे, तो किती सांगायचं याचं माप फार बारकाईने ठरवतो. फिलोक्टीट तेच करतो.

गोव्यात फोंड्याजवळच्या एका मसाल्याच्या बागेत मी हे एकदा फार जवळून पाहिलं. गळ्यात फुलांची माळ, हातात गवती चहा, मग वेलची, मिरी, जायफळ, प्रत्येकाबरोबर एक विनोद. शेवटी एक जण सुपारीच्या झाडावर चढला आणि शेंडा वाकवून झोके घेत शेजारच्या झाडावर गेला. टाळ्या. आमच्या गटात बहुतेक परदेशी लोक होते. जायफळाचा विनोद झाल्यावर गाइड मागे वळून सोबत्याला कोकणीत म्हणाला, आज चौथ्यांदा सांगितला, अजून हसतात. मग माझ्याकडे बघून त्याच्या लक्षात आलं की मला कळलंय. पुढचा अर्धा तास तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मला तेव्हा जरा मजा वाटली होती. आता वाटतं, त्याच्या सगळ्या दिवसातली तेवढीच एक जागा त्याची स्वतःची होती आणि मी ती फुकटात बघून आलो.

आता चवींकडे येऊ.

सेंट लुशियाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे ग्रीन फिग अँड सॉल्टफिश. फिग म्हणजे अंजीर नव्हे, तिथे कच्च्या केळ्याला ग्रीन फिग म्हणतात. उकडलेली कच्ची केळी आणि खारवलेला मासा, कांदा, मिरची, थोडं तेल. सहलीच्या जेवणात हा पदार्थ ‘बेटाची अस्सल चव’ म्हणून येतो. यातलं केळं मूळचं आग्नेय आशियाकडचं. आणि मासा? चोहोबाजूंनी समुद्र असलेल्या बेटाचा राष्ट्रीय मासा या समुद्रातला नाही. तो कॉड, उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. न्यूफाउंडलंड, न्यू इंग्लंडकडे तो धरत, मीठ लावून सुकवत, आणि त्यातला हलका माल वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर पाठवत. कारण गुलामांना मासेमारीला वेळ देण्यापेक्षा आणि धान्याला जमीन देण्यापेक्षा बाहेरून खारा मासा आणणं मळेवाल्याला स्वस्त पडे. एका थाळीत हिशेबाची वही आहे ही.

ब्रेडफ्रूटचं तेच. कोकणात, गोव्यात ज्याचे रवा लावून काप करतात तो निरफणस. कॅप्टन ब्लायने ताहितीहून त्याची रोपं जहाजात भरून १७९३ साली कॅरिबियनमध्ये पोचवली. गुलामांना स्वस्तात पोटभर खाणं मिळावं हा उद्देश होता. पहिली खेप बाउंटी जहाजावरच्या प्रसिद्ध बंडात समुद्रात गेली होती, ही दुसरी. आज निखाऱ्यावर भाजलेला निरफणस पर्यटकांना आवडतो, आणि आवडण्यासारखा आहेही. कोको मुख्य भूमीवरून आलेला, मळ्यांवर वाढवलेला. सुकलेल्या बिया मोठ्या कढईत टाकून पायांनी घोळवल्या की त्यांना चकाकी येते. हे काम होतं. आता काही मळ्यांवर ते नाच म्हणून दाखवतात, पाहुण्यालाही कढईत उतरता येतं.

त्या क्रमात एकच चव अशी आहे जी जहाजं येण्याच्या आधीची आहे, आणि तिला सगळ्यात कमी वेळ मिळतो. कसावाची भाकरी. रस्त्याकडेच्या भट्टीवर व्हॅन पाच मिनिटं थांबते. कडू कसावात विष असतं, किसून, पिळून, भाजून ते घालवावं लागतं, आणि ही रीत बेटावरच्या मूळ रहिवाशांची. ती माणसं जवळजवळ संपवली गेली, त्यांची कृती उरली. आपल्या उपासाचा साबुदाणाही याच कंदाच्या पिठाचा. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो कंद इकडे आला आणि शुद्धतेच्या यादीत जाऊन बसला. तेव्हा ‘अस्सल’ या शब्दावर हसायचा हक्क आपल्याला फारसा नाही.

केळ्याची आणखी एक गोष्ट आहे, ती केळीच्या बागांजवळून जाताना कधी सांगितली जाते, कधी नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केळी म्हणजे इथलं हिरवं सोनं होतं. लहान लहान शेतकरी, ब्रिटनची हक्काची बाजारपेठ. मग अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतले काही देश तक्रार घेऊन जागतिक व्यापार संघटनेकडे गेले, १९९७ मध्ये निकाल युरोपच्या केळी-धोरणाविरुद्ध लागला, आणि डोंगरउतारावर एकेक घड जपणाऱ्या शेतकऱ्याला महाकाय मळ्यांशी स्पर्धा करावी लागली. ती तो हरणारच होता. बेटाने पर्यटनाकडे आणखी जोरात तोंड वळवलं. व्हॅनमधून दिसणारी बाग सुंदर दिसते याचं कारण ती आता थोडी कमी आहे.

हे सगळं रागाने कसं सांगायचं, याचा धडा जमेका किंकेडने १९८८ मध्ये दिला. ‘अ स्मॉल प्लेस’ हे तिचं पुस्तक शंभर पानांचंही नाही. बेट दुसरं, अँटिगा, तिचं जन्मस्थान. पुस्तक थेट ‘तुम्ही’ असं म्हणून सुरू होतं. तुम्ही पर्यटक आहात, विमानातून उतरताय, टॅक्सीत बसताय, खिडकीतून बघताय. आणि मग ती एकेक गोष्ट दाखवत जाते. १९७४ च्या भूकंपात मोडलेलं आणि इतकी वर्षं दुरुस्तीची वाट बघणारं ग्रंथालय. हॉटेलचं सांडपाणी कुठे जात असेल, आणि तुम्ही पोहताय ते पाणी कुठलं. तुम्ही ‘स्थानिक’ म्हणून खाताय ते विमानाने बाहेरून आलेलं. ती सहलीची संहिता उलटी करून वाचते. त्याच वळणावर थांबते, पण हात दुसऱ्या बाजूला दाखवते.

हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकलो नाही. आजही पर्यटनावर याहून नेमकं गद्य मला माहीत नाही. तरी त्यात एक गोष्ट खटकते आणि ती लहान नाही. सुरुवातीचा टॅक्सीवाला आठवा. भाडं तो अमेरिकन डॉलरमध्ये सांगतो, गाडी बेफाम हाकतो, गाडी नवी जपानी आहे पण तिचा आवाज भयंकर येतोय. का येतोय, कर्ज कसं मिळालं, मंत्र्यांचे हितसंबंध कुठे आहेत, हे किंकेड आपल्याला सांगते. टॅक्सीवाला सांगत नाही. तो लक्षण आहे, भ्रष्ट व्यवस्थेचं. डॉक्टर जसा जिभेचा रंग बघतो, पण ती जीभ काय बोलते ते ऐकत नाही, तसं काहीसं. पर्यटकाला ती ‘तुम्ही’ म्हणते, शिव्या घालण्यापुरतं का होईना पण समोर बसवते. टॅक्सीवाल्याला कोणतंच सर्वनाम मिळत नाही.

आणि तिच्या रागाचा पर्यटकाला उपयोग होतो, ही दुसरी अडचण. पुस्तक वाचून आलेला पर्यटक जास्त चांगला पर्यटक होतो. सांडपाण्याबद्दल विचारतो, लाजतो, लाजल्याबद्दल स्वतःवर खूश होतो. त्याची जागा बदलत नाही, फक्त सीट जास्त आरामदायी होते. (हे मी स्वतःवरून सांगतोय.)

वॉलकॉटकडे परत येतो, कारण ‘ओमेरोस’मध्ये सहलीचे सगळे कामगार आहेत. फिलोक्टीट गाइड. हेलन हॉटेलात वाढपी होती. अंगाला हात लावू पाहणारे पाहुणे तिने खपवून घेतले नाहीत, मॅनेजरच्या लेखी ती उद्धट ठरली आणि नोकरी गेली. आणि हेक्टर. हा कोळी होडी सोडून व्हॅन घेतो. सोळा सीटची, नाव ‘कॉमेट’, सीटांवर बिबट्याच्या कातड्याचं डिझाइन. समुद्रापेक्षा रस्त्यावर पैसा आहे, हे त्याला बरोबर कळलेलं असतं. तो इतक्या वेगाने गाडी हाकतो की लोक त्या व्हॅनला भितात, आणि शेवटी एका वळणावर तो मरतो.

इथे त्या दुसऱ्या नोबेलवाल्याची आठवण होते. आर्थर लुइसचा १९५४ चा प्रसिद्ध सिद्धांत असा, की पारंपरिक क्षेत्रातले जादा हात आधुनिक क्षेत्राकडे सरकतात आणि त्यातून विकास होतो. हेक्टर म्हणजे नेमका तोच सरकणारा हात. अर्थशास्त्रज्ञाने आलेख काढला, कवीने त्या आलेखावरून जाणाऱ्या एका माणसाला नाव दिलं आणि त्याची व्हॅन कड्याच्या बाजूला वळवली. दोघांचा जन्मदिवस एक असल्याचं गाइड सांगतो ते बरोबर आहे, पण दोघांचं भांडण सांगितलं तर जास्त मजा येईल.

हेक्टर मेल्यानंतर निवेदक, म्हणजे बराचसा वॉलकॉट स्वतः, विमानतळावरून टॅक्सीने येत असतो. मागच्या सीटवर. चालक बोलतोय, अपघाताबद्दल सांगतोय. म्हणजे आता परिस्थिती उलटली आहे. या बेटाचा मुलगा पाहुण्याच्या सीटवर आहे आणि त्याला त्याच्याच माणसाची गोष्ट दुसरा कोणीतरी सांगतोय. या ठिकाणी कवी स्वतःला जे विचारतो ते पर्यटनावरच्या शंभर लेखांपेक्षा जड आहे: ही पत्र्याची घरं, ही गरीब माणसं अशीच त्या जुन्या उजेडात राहावीत असं मलाच वाटत होतं का? माझ्या कवितेला सोयीचं म्हणून? माहितीपत्रकातला फोटोग्राफर आणि मी, आम्ही दोघं एकाच वळणावर गाडी थांबवतो का?

किंकेड असा प्रश्न स्वतःला विचारत नाही असं नाही, पण तिच्या पुस्तकात बोट बाहेरच्या दिशेने इतकं ठाम रोखलेलं आहे की ते वळायला जागा राहत नाही. वॉलकॉटचं बोट वळतं आणि त्याला त्याच्याच बेटाच्या सगळ्यात लोकप्रिय थांब्यावर घेऊन जातं.

सूफ्रिएरचे गंधकाचे झरे. ‘जिथे गाडी घेऊन आत जाता येतं असा जगातला एकमेव ज्वालामुखी’ अशी त्याची जाहिरात. गाडी खरं तर आवाराच्या आत पार्किंगपर्यंत जाते. करडा उकळता चिखल, कुजक्या अंड्यांचा वास. ‘ओमेरोस’च्या शेवटाकडे कवीला इथे फिरवून आणणारा गाइड म्हणजे खुद्द ओमेरोस, संगमरवरी होमर. दांतेचा नरक आणि दिवसाची सहल एकाच जागी. त्या चिखलात कोण शिजतंय? ज्यांनी निवडून आल्यावर बेटाकडे हॉटेलसाठी विकायचा ‘व्ह्यू’ म्हणून बघितलं ते. पुढच्या खड्ड्यात कवी आहेत, ज्यांनी निसर्गाचा आणि माणसांचा वरवरचा थर तेवढा पाहिला. आणि निवेदकाचा पाय तिथे घसरतो. त्याच कवींच्या बाजूला. होमर हात धरून ओढतो म्हणून तो वाचतो.

हे छापून आलं १९९० मध्ये. त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, त्याच झऱ्यांवर एक खराखुरा गाइड पर्यटकांना फिरवत असताना पायाखालचा कवच-थर फुटला आणि तो आत गेला. कमरेखाली भाजला, पण वाचला. तोपर्यंत पाहुण्यांना थेट कडेपर्यंत नेत असत. त्यानंतर लांबून बघायची पद्धत आली. त्या खड्ड्याला आता त्याचं नाव आहे आणि आजचे गाइड ती गोष्ट सांगतात. लोक फोटो काढतात.

या योगायोगातून काही मोठं काढायचा मोह होतो, पण साधी गोष्ट एवढीच की कवितेतला गाइड पाहुण्याला वाचवतो आणि प्रत्यक्षातला गाइड पाहुण्याच्या आधी पडतो. फिलोक्टीटचा व्रण ही वॉलकॉटची कल्पना होती. तिच्यामागोमाग बेटाने एक खरी जखम त्याच सहलीच्या क्रमात घातली, आणि ती बघायचे पैसे तिकिटातच धरलेले आहेत.

आता माझी तक्रार. फिलोक्टीटने पर्यटकांना जखम कशी बरी झाली ते सांगितलं नव्हतं. कवी सांगतो. पुढे मा किलमन ही दुकानदारीण, नो पेन कॅफेची मालकीण, मुंग्यांच्या मागावर डोंगरात जाते, उग्र वासाचं एक झाडोरं शोधते. त्याचं बी कधीकाळी एका पक्ष्याच्या पोटातून आफ्रिकेहून समुद्र ओलांडून आलेलं. ऊसमळ्यावरच्या जुन्या कढईत ती काढा करते आणि फिलोक्टीटला त्यात बसवते. काव्यातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि मला तो वाचताना दरवेळी अवघडल्यासारखं होतं. पहिल्या पानावर जे विकायला नकार दिला, तेच कवीने आपल्याला विकलं की! आणि चांगल्या किमतीला विकलं, १९९२ मध्ये नोबेल मिळालं त्यात या काव्याचा वाटा मोठा होता.

बराच काळ मी हे वॉलकॉटविरुद्ध धरून होतो. आता अर्धवट धरतो. कारण नीट बघितलं तर त्या झाडाचं नाव कवितेत मिळत नाही, मा किलमनलाही ते आठवत नाही. तिची आजी जाणत होती, मधे काहीतरी तुटलं, आता मुंग्या दाखवतील तिकडे जायचं. म्हणजे फिलोक्टीट एखादी पाककृती लपवत नव्हता. त्याच्याकडे जे आहे ते घेऊन कोणी मळा काढू शकत नाही, बाटलीत भरून बंदरावर विकू शकत नाही. त्यासाठी त्या कढईत काय काय शिजलं होतं हे माहीत असायला लागतं, आणि ते सकाळी नऊ ते दुपारी चारमध्ये बसत नाही. चौसष्ट प्रकरणं त्याने आपल्याला बसवून ठेवलं ते याच हिशेबाने असावं. जहाज सुटेल ही भीती काढून घेतली की पर्यटकाचं निदान वाचकात तरी रूपांतर होतं का, हे बघण्यासाठी.

हेलनच्या बाबतीत मात्र त्याला माफी नाही. तिने नोकरी का सोडली हे कळतं, ती पिवळ्या झग्यात किनाऱ्यावरून कशी चालते हे तर फारच कळतं. तिच्या मनात काय चाललंय हे तीनशे पानांत जेमतेम कळतं. दोन कोळी तिच्यासाठी भांडतात, एक निवृत्त इंग्रज मेजर तिच्या नावाने बेटाचा इतिहास लिहायला बसतो, कवी स्वतः बघत राहतो. ‘ही आपली सुंदर हेलन’ म्हणून बेट दाखवणारा गाइड आणि वॉलकॉट यांच्यात इथे काहीच अंतर उरत नाही. ज्या बाईने बघणाऱ्यांच्या हातांना कंटाळून हॉटेल सोडलं, तिला कवितेतून बाहेर पडायची सोय नव्हती.

कवितेबाहेर तो हॉटेलांशी भांडला हेही नोंदवायला हवं. दोन पिटॉनच्या मधल्या दरीत रिसॉर्ट बांधायचं ठरलं तेव्हा त्याने जाहीर विरोध केला. रिसॉर्ट झालंच. २००४ मध्ये पिटॉनचा परिसर जागतिक वारसा यादीत गेला, तोवर त्या दरीत पाहुणे झोपायला लागून बरीच वर्षं झाली होती.

सहल संपते तिथे, कॅस्ट्रीजमध्ये, एक चौक आहे. आधी त्याला कोलंबसचं नाव होतं, १९९३ पासून डेरेक वॉलकॉट स्क्वेअर. दोन्ही नोबेल विजेत्यांचे अर्धपुतळे आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा एक रेन ट्री, मुंबईत रस्त्यांवर सावली धरणारा तोच वृक्ष. वेळ उरला असेल तर व्हॅन इथेही थांबते. गाइडला कवीबद्दल सांगायचं असतं ते एका वाक्याचं: नोबेल, साल, वाढदिवस. कवीने त्याच्यासारख्या एका माणसाच्या तोंडी आपलं सगळ्यात मोठं काव्य सुरू केलं, हे त्याला माहीत असेल किंवा नसेल. माहीत असलं तरी तो ते सांगेलच असं नाही. बाहेर कोणीतरी झाडाखाली उभं राहून फोटो काढून घेतंय, व्हॅनचं दार उघडं आहे, आणि सगळे आले का हे बघायला तो डोकी मोजतोय.